छावणीच्या बाहेर : सीरियन निर्वासितांच्या मदतीचा इतिहास

१९४७ सालच्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पंतप्रधान नेहरूंना एक पत्र पाठवले होते. पाकिस्तानातून निघू पाहणाऱ्या अस्पृश्यांना तिथले सरकार अडवून धरते, कारण हलकी कामे करायला त्याला माणसे हवी आहेत, ही त्यातली एक तक्रार. दुसरी तक्रार आपल्याच सरकारविषयी होती. पूर्व पंजाबात येऊन पोचलेल्या अस्पृश्यांना छावण्यांवरचे अधिकारी सवर्ण निर्वासितांसारखे वागवीत नाहीत, त्यामुळे ते छावणीबाहेरच राहतात. आणि रेशन, कपडालत्ता मात्र छावणीत राहणाऱ्यालाच मिळेल, असा मदत खात्याचा नियम. आधी बाहेर ठेवायचे आणि मग बाहेर आहे म्हणून द्यायचे नाही, असा हा प्रकार होता.

हे पत्र आपल्याकडे फाळणीच्या संदर्भात वाचले जाते. पण निर्वासितांना मिळणाऱ्या मदतीचा कुठलाही इतिहास तपासताना ते हाताशी असावे, असे मला वाटते. मदत किती कोटींची आली हे वर्तमानपत्रे सांगतात. ती ज्याच्या नावाने आली त्या माणसाला 'निर्वासित' म्हणून कोणी ठरवले, कोणाच्या यादीत त्याचे नाव चढले आणि कोणाचे चढलेच नाही, हे कोणी सांगत नाही. सीरियातल्या युद्धानंतर आंतरराष्ट्रीय मदतीचा जो प्रचंड व्यवहार उभा राहिला त्याकडे या बाजूने पाहिले पाहिजे.

मार्च २०११ मध्ये दक्षिण सीरियातल्या दरआ शहरात निदर्शने सुरू झाली. असद राजवटीने त्यांना गोळ्यांनी उत्तर दिले आणि पुढे देशभर युद्ध पेटले. माणसे सरहद्दी ओलांडू लागली. एप्रिल २०१४ मध्ये लेबनॉनमधल्या नोंदणीकृत सीरियन निर्वासितांचा आकडा दहा लाखांवर गेला. ज्या देशाची स्वतःची लोकसंख्या पन्नास लाखांच्या आत, तिथे दर चार-पाच माणसांमागे एक निर्वासित झाला. जॉर्डनमध्ये सहा लाखांहून अधिक नोंदले गेले. तुर्कस्तानात पुढे हा आकडा ३६ लाखांपर्यंत पोचला. युरोपातल्या वृत्तपत्रांनी 'निर्वासितांचे संकट' हा शब्द २०१५ च्या उन्हाळ्यात मोठ्या अक्षरांत छापायला सुरुवात केली, तेव्हा शेजारच्या देशांत ते चार वर्षांचे जुने झाले होते.

या माणसांना कायद्याने काय म्हटले गेले ते महत्त्वाचे आहे. १९५१ सालच्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर लेबनॉन आणि जॉर्डन यांची सही नाही. (आपल्या भारताचीही नाही.) तुर्कस्तानची आहे, पण युरोपातून आलेल्यालाच आम्ही पूर्ण अर्थाने निर्वासित मानू, अशी अट घालून. म्हणून सुरुवातीला तुर्की आणि जॉर्डनी सरकारे सीरियनांना 'पाहुणे' म्हणत. ऐकायला हा शब्द गोड आहे. परंतु पाहुण्याला घरात हक्क नसतो. त्याने किती दिवस राहावे, काय खावे, हे यजमान ठरवतो, आणि यजमानाचा चेहरा बदलला की पाहुण्याला उठावे लागते. ऑक्टोबर २०१४ मध्ये तुर्कस्तानने 'तात्पुरते संरक्षण' देणारा नियम केला. त्याने ओळखपत्र, दवाखाना आणि शाळा यांची दारे उघडली. मात्र 'तात्पुरते' हा शब्द त्यात राहिलाच.

आता छावण्यांकडे येऊ. जॉर्डनने जुलै २०१२ मध्ये सरहद्दीपासून जवळच, मफ्राक शहराशेजारच्या उजाड जमिनीवर झातारीची छावणी उघडली. २०१३ मध्ये तिथे लाखाच्या वर माणसे राहत होती. बातमीदार, मंत्री, नटनट्या यांच्या भेटी तिथे होत. तंबूंच्या जागी पत्र्याच्या खोल्या आल्या, निर्वासितांनी स्वतःच्या हिकमतीवर दुकानांची एक अख्खी पेठ उभी केली. मदतीचे छायाचित्र म्हणून जगाला झातारी माहीत झाली. पण जॉर्डनमधले सुमारे ऐंशी टक्के सीरियन छावणीत नव्हतेच; ते अम्मान, इर्बिद, मफ्राक इथल्या भाड्याच्या खोल्यांत होते. छावणीतून कायदेशीर बाहेर पडायचे तर जॉर्डनी जामीनदार लागे. जुलै २०१४ पासून असा नियम आला की, जामिनाशिवाय जो छावणी सोडेल त्याला बाहेर निर्वासित म्हणून दाखला मिळणार नाही. दाखला नाही म्हणजे बाहेरची मदत नाही. १९४७ च्या पत्रातली तक्रार शहाण्या माणसांच्या नव्या जगात पुन्हा वाचायला मिळते ती अशी.

तुर्कस्तानातही आरंभीच्या वर्षांत मदतीचा सारा भर सरहद्दीवरच्या छावण्यांवर होता. त्या नीटनेटक्या होत्या, हे मान्य केले पाहिजे. पण गाझियांतेप, उर्फा, किलिस या शहरांत तळघरांत आणि पडक्या घरांत राहणारे संख्येने कितीतरी अधिक होते, आणि त्यांच्यापर्यंत नियमित रोख मदत पोचायला २०१६ संपत आले.

लेबनॉनने वेगळा मार्ग धरला. पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावण्यांचा इतिहास डोळ्यांपुढे असल्यामुळे तिथल्या सरकारने सीरियनांसाठी अधिकृत छावण्या उघडू दिल्या नाहीत. मग माणसे गेली कुठे? ती बेका खोऱ्यातल्या शेतांच्या कडेला गेली. लाकडी चौकट, त्यावर प्लॅस्टिक, खाली भाड्याची जमीन. महाराष्ट्रातल्या वाचकाने इथे थोडे थांबावे, कारण इथे त्याच्या ओळखीचा एक माणूस भेटतो. त्याला तिकडे 'शावीश' म्हणतात. युद्धाच्या कितीतरी आधीपासून सीरियन शेतमजूर बटाटा, भाजी, द्राक्षे यांच्या हंगामाला बेका खोऱ्यात येत, आणि त्यांच्या टोळ्या हा शावीश आणी. जमीनमालकाशी बोलणी तो करी, मजुरी त्याच्या हातात पडे, आपला वाटा कापून तो उरलेली वाटे. ऊसतोडीचा मुकादम पाहिलेल्या माणसाला अधिक समजावण्याची गरज नाही.

युद्ध झाले आणि हंगामी मजुराचे कुटुंबच कायमचे तंबूत आले. मुकादम आता वस्तीचा प्रमुख झाला. मदत देणाऱ्या संस्थांना वस्तीत कोण किती माणसे आहेत याची यादी हवी होती. ती शावीशकडे होती. जागा त्याच्या हाती, काम त्याच्या हाती, उधारी त्याच्याकडे, आणि आता ताडपत्री आणि अन्नाच्या पेट्यांकडे जाणारी वाटही बहुधा त्याच्याच दारावरून. सगळेच शावीश दुष्ट होते असे मी म्हणत नाही. अडल्यानडल्या कुटुंबाला त्यांच्यातल्या काहींनी सांभाळलेही आहे. पण मजूर आणि भाकरी यांच्यामध्ये उभा असलेला माणूस मदतीने हटवला नाही, उलट त्याचे वजन वाढवले. तंबूचे भाडे फेडण्यासाठी बायका आणि मुले बटाट्याच्या शेतात राबत राहिली.

२०१५ च्या जानेवारीत लेबनॉनने प्रवेशाचे आणि वास्तव्याचे नियम कडक केले. पंधरा वर्षांवरील प्रत्येकाला वर्षाला २०० डॉलर भरून परवाना नवा करायचा, आणि वर काम करणार नाही असे लिहून द्यायचे. मे महिन्यात सरकारच्या सांगण्यावरून संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने नवी नोंदणीच थांबवली. माणसे येत राहिली, यादी थांबली. परवाना गेलेला माणूस चौकीवर पकडला जाण्याच्या भीतीने हमरस्ता टाळू लागला. त्याआधीच, २०१४ मध्ये, चाळीसहून अधिक लेबनीज नगरपालिकांनी सीरियनांसाठी रात्रीची संचारबंदी लावली होती. अमुक वाजल्यानंतर परक्या कामगाराने रस्त्यावर दिसू नये, असे फलक गावाच्या तोंडाशी लागले. दिवसा याच हातांनी गावाची शेते आणि इमारती उभ्या करायच्या. गावाबाहेरच्या वस्तीत वाढलेल्या माणसाला हा कायदा कुठल्या परदेशी पुस्तकात शोधावा लागत नाही.

तथापि यजमान देशातल्या गरिबाला शिव्या देऊन आपली सुटका होणार नाही. मफ्राकमध्ये घरभाडी भडकली ती तिथल्या गरिबाचीही. जॉर्डन हा जगातल्या अत्यंत पाणीटंचाईच्या देशांपैकी एक, आणि त्याच्या उत्तरेकडच्या गावांत आधीच आठवड्यातून एखाद्या दिवशी पाणी येई. लेबनॉनमधला अक्कार जिल्हा युद्धापूर्वीही दरिद्री होता. सीरियन मजूर मिळेल त्या मजुरीवर तयार झाला, कारण त्याला दुसरा इलाज नव्हता; त्यामुळे लेबनीज मजुराची मजुरी पडली. जवळपास मदतीचे ट्रक येतात आणि आपल्या दारावरून पुढे जातात, हे पाहणाऱ्याचा राग खोटा नव्हता. मालक, घरभाडे घेणारा आणि मुकादम यांना या स्वस्ताईचा फायदा झाला. राग मात्र खालच्या दोघांनी एकमेकांवर काढला.

ही गोष्ट मदत देणाऱ्यांच्या लक्षात आली. जॉर्डन सरकारने प्रत्येक प्रकल्पाचा काही वाटा गरीब जॉर्डनींना मिळालाच पाहिजे असा आग्रह धरला. डिसेंबर २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने पाच देशांसाठी एक एकत्र योजना जाहीर केली; तीत निर्वासितांबरोबर यजमान वस्त्यांचाही उघड समावेश होता. नळयोजना, दवाखाने, शाळा यांना पैसे मिळाले. लेबनॉन आणि जॉर्डनच्या सरकारी शाळांत दुपारची दुसरी पाळी सुरू झाली आणि त्यामुळे लाखो मुले वर्गात बसू शकली, ही या साऱ्या इतिहासातली मोठी जमेची बाजू होय. परंतु सकाळी इथली मुले आणि दुपारी सीरियन मुले, अशी विभागणी झाल्यावर एकाच बाकावर बसण्याचा प्रसंग कधी यायचा?

आणि पैसा? कुवेतमध्ये २०१३, २०१४, २०१५ अशा तीन परिषदा झाल्या, आकडे जाहीर झाले. प्रत्यक्षात १ डिसेंबर २०१४ रोजी, ऐन थंडीत, जागतिक अन्न कार्यक्रमाने सतरा लाख निर्वासितांची अन्नकुपने निधीअभावी थांबवली. जगभर झोळी फिरवावी लागली, तेव्हा ती काही दिवसांनी पुन्हा सुरू झाली. २०१५ च्या उन्हाळ्यात पुन्हा कपात. सप्टेंबरात जॉर्डनच्या शहरांतल्या २ लाख २९ हजार निर्वासितांची अन्नमदत बंद पडली. त्याच महिन्यांत माणसे रबरी होड्यांत बसून ग्रीसच्या बेटांकडे निघाली होती. ती निघाली याला भाकर हे एकच कारण नव्हते, पण एक कारण निश्चित होते.

युरोपच्या दारावर थाप पडताच तिजोरी उघडली. फेब्रुवारी २०१६ च्या लंडन परिषदेत १२ अब्ज डॉलरच्या वर रक्कम कबूल झाली. मार्चमध्ये युरोपीय संघाने तुर्कस्तानशी समझोता केला : सहा अब्ज युरोपर्यंत मदत, आणि बदल्यात ग्रीसकडे येणारी माणसे परत घ्यायची. या पैशातून गरजू कुटुंबांना दरमहा रोख रकमेचे कार्ड मिळाले. त्याने घरोघर चूल पेटली, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ती रक्कम माणसे जिथे आहेत तिथेच राहावीत याची किंमत होती. तुमच्या दुःखाची कणव आम्हाला आहे, फक्त ते तुमच्याकडेच असू द्या, असा त्याचा अर्थ होतो.

लंडनमध्येच जॉर्डनशी करार झाला. दोन लाख सीरियनांना कामाचे परवाने द्यायचे, त्यासाठी स्वस्त कर्ज आणि युरोपच्या बाजारात जॉर्डनी मालाला सवलत. सवलतीसाठी कारखान्यात किमान १५ टक्के कामगार सीरियन हवेत. कागदावर सुंदर. पण जॉर्डनच्या कापड कारखान्यांत बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ आणि भारत इथून आणलेले कामगार वसतिगृहांत राहून दीर्घ पाळ्या करीत होते. कारखाने दूर, मजुरी तुटपुंजी. लेकुरवाळ्या सीरियन बाईला ते परवडेना. परवाने मिळाले ते मुख्यतः शेती आणि बांधकामात. डॉक्टर, शिक्षक, इंजिनियर यांना ती दारे बंदच राहिली. हात चालतील, डोके नको, ही वाटणीही आपल्या परिचयाची आहे.

या साऱ्या यादीच्या तळाशी, खरे तर यादीबाहेर, एक समाज आहे. डोम. अरबी भाषेत त्यांना 'नवर' म्हणतात आणि तो शब्द शिवीसारखा वापरला जातो. लोहारकाम, कल्हई, ढोल-सनई वाजवणे, गावोगाव फिरून दात बसवणे हे त्यांचे धंदे. त्यांची डोमारी ही भाषा भारतीय आर्य कुळातली. पाण्याला ते 'पानी'च म्हणतात. बहुतेक भाषाशास्त्रज्ञ त्यांचे नाव उत्तर भारतातल्या डोम जातीच्या नावाशी जोडतात. हजार वर्षांहून अधिक काळ आणि हजारो मैल मागे टाकूनही ते नाव हीनतेचा अर्थ घेऊनच तिथवर पोचले. सीरियातून पळालेल्या डोमांना सीरियन निर्वासितांनीच शेजारी म्हणून नको म्हटले. तुर्कस्तानात छावणीत टिकता न आल्याने कित्येक कुटुंबे शहरांच्या कडेला, उकिरड्यांजवळ तंबू ठोकून राहिली. तिथून नगरपालिकांनी त्यांना हुसकले. ते मुळातच भटके, भिकारी, खरे निर्वासित नव्हेत, असे म्हटले गेले. युद्धात त्यांचीही घरे पडली होती. मदत मागताना कित्येकांनी आपण अरब, कुर्द किंवा तुर्कमान आहोत असे सांगितले. जात लपवून शहरात खोली भाड्याने घेणाऱ्याला त्यांची गोष्ट परकी वाटणार नाही. नोंदणीच्या अर्जात राष्ट्रीयत्वाचा रकाना होता, विधवा, अपंग, वृद्ध यांचे रकाने होते. समाजाने ज्याला खाली लोटले त्याचा रकाना नव्हता, म्हणून किती डोम निर्वासित झाले हे आजही कुठल्याच सरकारी आकड्यात सापडत नाही.

८ डिसेंबर २०२४ रोजी असद राजवट कोसळली. पुढच्या वर्षभरात दहा लाखांहून अधिक निर्वासित सीरियात परतले. त्याच २०२५ साली अमेरिकेने आपली परदेशी मदत मोठ्या प्रमाणावर कापली, आणि छावण्यांतल्या व बाहेरच्या मदतीलाही कात्री लागली. परतणाऱ्याला आपले घर आपले आहे हे दाखवावे लागते. असदच्या सरकारने २०१८ साली दहा क्रमांकाचा कायदा करून, पुनर्रचनेसाठी घेतलेल्या भागातल्या मालकांनी मुदतीत मालकीचे पुरावे द्यावेत असे ठरवले होते. कायदा झाला तेव्हा ही मुदत तीस दिवसांची होती, ओरड झाल्यावर वर्षाची केली. ज्यांच्याकडे शेताचा उतारा आणि घराचा दस्त आहे ते त्यासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतील. बेका खोऱ्यातल्या शेतमजुराकडे आणि अलेप्पोच्या कडेला पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या डोमाकडे असा कागद युद्धाच्या आधीही नव्हता.