चावडीवरचा रेडिओ

शहरांतल्या घरीं रेडिओ आला तो मुख्यतः करमणुकीसाठीं. खेड्यांत तो नेण्यांत आला तो उपदेशासाठीं. १९३५ सालीं पेशावर येथें एक लहानसें प्रक्षेपणकेंद्र सुरू होऊन आसपासच्या गांवांत सार्वजनिक यंत्रें बसविण्यांत आलीं. पुढें दिल्लीच्या परिसरांतहि तसा प्रयत्न झाला. गांवांत वीज नसे, म्हणून यंत्रें बॅटरीवर चालत. ती उतरली कीं वक्ता कितीहि विद्वान् असो, पेटी मुकीच!

पण पेटी बोलूं लागली तरी ऐकणाऱ्याच्या पदरीं काय पडतें, हा प्रश्न उरलाच. त्याचा पद्धतशीर शोध घेतला गेला तो पुण्याच्या आसमंतांत. पुण्याचें आकाशवाणी केंद्र १९५३ सालीं सुरू झालें होतें. १९५६ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत, युनेस्कोच्या साहाय्यानें, पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पांच जिल्ह्यांतील सुमारें १५० गांवांत शेतकऱ्यांचीं श्रोतृमंडळें स्थापण्यांत आलीं. मूळ कल्पना कॅनडाची. तेथें १९४१ पासून अशीं मंडळें चालत होतीं. आठवड्यांतून दोनदां, सायंकाळीं अर्धा तास, याप्रमाणें दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले. प्रत्येक गांवीं वीसएक मंडळी यंत्राभोंवतीं जमत. कार्यक्रम संपला म्हणजे उठून जावयाचें नाहीं, तर ऐकलेल्या गोष्टीची चर्चा करावयाची, हा दंडक होता. खत आपल्या रानांत चालेल काय, त्याला पैसा कोठून आणावा, अशा शंका मंडळाचा चिटणीस टिपून केंद्राकडे धाडी आणि पुढील कार्यक्रमांत त्यांना उत्तरें मिळत. शहरांतून खेड्याकडे जाणारा शब्द आतां उलट वाटेनेंहि येऊं लागला, हें या योजनेचें खरें वैशिष्ट्य.

परीक्षणाचें काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होतें. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरथ यांनीं तें पाहिलें. तुलनेसाठीं आणखी दोन प्रकारचीं गांवें घेतलीं होतीं: रेडिओ आहे पण मंडळ नाहीं अशीं, आणि रेडिओहि नाहीं अशीं. मंडळें असलेल्या गांवांत लोकांची माहिती लक्षणीय वाढली. उरलेल्या गांवांत, रेडिओ असो वा नसो, वाढ नांवापुरतीच होती. नुसतें यंत्र पोंचविण्यावर भिस्त ठेवणाऱ्यांना हा निष्कर्ष झोंबणारा होता. १९५९ पासून अशीं मंडळें देशभर काढण्यांत आलीं खरीं, पण हजारों गांवीं चर्चा जिवंत ठेवणें हें यंत्रें वांटण्याइतकें सोपें नव्हतें.

दूरचित्रवाणीनें मोठी उडी घेतली ती १ ऑगस्ट १९७५ रोजीं. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्यप्रदेश, आंध्रप्रदेश व कर्नाटक या सहा राज्यांतील सुमारें २,४०० गांवांना थेट चित्रें दिसूं लागलीं. ज्या गांवीं सिनेमाहि क्वचित् पोंचे, तेथें तारेच्या जाळीचा भलामोठा वाडगा आकाशाकडे तोंड करून उभा राहिला. सकाळचा कार्यक्रम शाळेच्या मुलांसाठीं, सायंकाळचा थोरांसाठीं. शेंकडों गांवकरी एका पडद्यापुढें बसत. मात्र पुण्याच्या मंडळांत होती तशी प्रश्न धाडण्याची बैठक येथें सर्वत्र नव्हती.

मुदत एका वर्षाचीच होती. ३१ जुलै १९७६ रोजीं ती संपली व उपग्रह दुसऱ्या कामासाठीं हलविण्यांत आला. कांहीं गांवांना पुढें जमिनीवरील केंद्रांतून कार्यक्रम मिळूं लागले. पुष्कळ गांवांतील पडदे मात्र अंधारले.