तेराची अडीचकी

गणितात पुढे असलेल्या पोराची शाळा आमच्या दुधनीत लवकर सुटायची. हुशार होता म्हणूनच सुटायची. माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची, तशीच सुटली.

सोलापूरच्या पुढे रायचूरपर्यंतचा लोहमार्ग 1871 मध्ये पूर्ण झाला. आमचं स्टेशन त्याच मार्गावरचं. तूर, हरभऱ्याचा बाजार वाढला तशी अडत दुकानांना तोंडी हिशोब करणारी माणसं लागायची. 16 आण्यांचा रुपया, 40 शेरांचा मण. म्हणून मराठी शाळेत साधे पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, असे पाव ते साडेतीन पटींचे पाढे. घरात आम्ही कन्नड बोलणारे. आई पाढ्यांना मग्गी म्हणायची.

एका खोलीत चार इयत्ता बसायच्या. अण्णा पहिलीत असताना भिंतीला टेकून वरच्या पोरांची पावकी ऐकायचा. गुरुजींनी त्याला कधी उठवलं नाही. उलट पाढा पाठ झाला की विचारायचे, "विसरलास तर कसा काढशील?" मला आठवतो तो हिशोब : 13 रुपये 6 आणे मणाची तूर, अडीच मण. अण्णा डोळे मिटून सांगायचा, तेराची अडीचकी साडेबत्तीस, म्हणजे 32 रुपये 8 आणे. सहा आण्यांची अडीचकी पंधरा आणे. झाले 33 रुपये 7 आणे. पाटी कोरीच.

ही कीर्ती बाजारात गेली. 1956 मध्ये सातवी झाल्या झाल्या एका अडत्यानं त्याला मागून घेतलं. गुरुजी घरी आले, सोलापूरला पाठवा म्हणाले. वडील हमाली करायचे. ते मान खाली घालून बसले. तेराव्या वर्षी अण्णा शेतकऱ्यांच्या हिशोबाच्या पट्ट्या लिहू लागला. पुढच्याच वर्षी, 1 एप्रिल 1957 ला, नवे पैसे आले. 1958 पासून हळूहळू किलो आला. ज्या अडीचकीसाठी त्याला शाळेतून उचललं, तिचं काम दशमान पद्धतीनं पाचेक वर्षांत संपवलं. याचं दुःख मला आजही आहे.

पुढे मी शिक्षिका झाले. गुणाकार सगळ्यांच्या आधी संपवणारी एक मुलगी तिसरीत होती. मी तिला चौथीचं पुस्तक दिलं नाही. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांची गंमत दिली. कोणतेही चार अंक घे, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमातून चढता वजा कर. उत्तराचं पुन्हा तेच. तिनं 1871 घेतलं. 8711 वजा 1178, 7533. मग 4176. मग 6174. आणि 7641 वजा 1467, परत 6174! तिनं पाटी पुसली, नवे अंक मांडले. आठवडाभर ती "असं का होतं?" विचारत राहिली. अण्णालाही मी ते दाखवलं. जुन्या रोजकीर्दीच्या पाठकोऱ्या पानावर त्यानं रात्री उशिरापर्यंत वजाबाक्या केल्या.

आता शिष्यवृत्तीची परीक्षा आहे, नवोदयची आहे. मुलांना वाटा आहेत. पण ती चौथी-पाचवीची गोष्ट. पहिली-दुसरीतल्या पोराजवळ फक्त त्याच्या बाई किंवा गुरुजी असतात. तुमच्या वर्गात गणितं आधी संपवून खिडकीबाहेर बघणारं कुणी असेल, तर त्याला इतरांच्या वह्या तपासायला बसवू नका. उद्या त्याला चार अंक द्या, आणि त्याच्या "का?"साठी दहा मिनिटं राखून ठेवा.