पूल बंद, सायकल चालू

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला 'पंचवीस वर्षांतील बांधकाम आणि दुरुस्त्या' असा विषय दिला होता. निवृत्त इंजिनिअर म्हटलं की असले विषय आपोआप वाट्याला येतात. टाकी, लिफ्ट, गच्चीचं वॉटरप्रूफिंग वगैरे दोन पानं लिहून झाली आणि मागच्या फाटकाजवळच्या मोरीपाशी येऊन पेन अडलं. त्या मोरीचं लिहायचं तर मला आधी लंडनला जावं लागेल. वाचकांनी थोडा धीर धरावा.

आमची लेक लंडनच्या बार्न्स भागात राहते. पुढे थेम्स नदी, पलीकडे हॅमरस्मिथ. मधे हिरव्या-सोनेरी रंगाचा झुलता पूल, हॅमरस्मिथ ब्रिज. २०१९ च्या मे महिन्यात आम्ही उभयता तिच्याकडे गेलो, त्याच्या महिनाभर आधीच, १० एप्रिलला, पुलावरची मोटारवाहतूक बंद झाली होती. बैठकांना तडे दिसले होते. बस दोन्ही टोकांना थांबायच्या, लोक उतरून चालत पलीकडे जायचे. चालणारे आणि सायकलवाले यांना मात्र मोकळीक होती.

काय सांगू, इतका सुंदर पूल मी जन्मात पाहिला नाही! जिथून रोज वीस हजारांहून जास्त गाड्या जात, तिथे आता सायकलच्या घंटीशिवाय आवाज नाही. आमची नात तेव्हा अकरा वर्षांची. तिची शाळा पलीकडे. रोज सकाळी ती सायकलवर पुढे आणि मी मागे तिच्या बाबांच्या सायकलवर, सीट खाली करून. लकडी पुलावरून कॉलेजला सायकल हाणलेल्या माणसाला सत्तरीत दुसरं काय हवं?

अर्थात सगळे खूश नव्हते. शेजारच्या एक आजी काठी घेऊन चालायच्या, त्यांचं रुग्णालय पलीकडे. बस बंद म्हणजे त्यांना अख्खा पूल पायी पार करायचा. "सायकलवाल्यांची चैन झाली," असं त्या म्हणायच्या, आणि ते खोटं नव्हतं.

रिकामा वेळ होता म्हणून पुलाचा इतिहास वाचून काढला. तिथला पहिला पूल १८२७ सालचा, विल्यम टिअर्नी क्लार्क या इंजिनिअरचा. थेम्सवरचा तो पहिला झुलता पूल. टोल होता, तो १८८० मध्ये उठला. त्याआधीच पूल थकलेला. १८७० मध्ये ऑक्सफर्ड-केंब्रिजची नौकांची शर्यत बघायला अकरा-बारा हजार माणसं एकदम पुलावर चढली, तेव्हा मालकांचे धाबे दणाणले. (आपल्याकडे गणेश विसर्जनाला पुलावर उभं राहू देत नाहीत, ते उगाच नाही.) शेवटी नवा पूल बांधायचं ठरलं. काम जोसेफ बॅझलजेटकडे गेलं. लंडनची भुयारी गटारं बांधणारा तोच हा गृहस्थ. त्याने जुन्याच खांबांच्या पायावर नवा पूल उभा केला आणि ११ जून १८८७ ला तो खुला झाला.

यातली एक गोष्ट तेव्हा मी वाचून पुढे सरकलो. १८८४ मध्ये, जुना पूल पाडण्याआधी, शेजारी एक तात्पुरता पूल टाकला होता. वाहतूक मर्यादित, पण माणसांचं येणं-जाणं तुटलं नाही. त्यापुढचं वर्ष १८८५, म्हणजे स्टार्लीने 'रोव्हर' ही दोन सारख्या चाकांची, साखळीची सायकल काढली ते वर्ष. आज आपण चालवतो ती सायकल आणि हा पूल, दोघं एकाच वयाचे.

या पुलाने पुढे बरंच सोसलं. १९३९ मध्ये आयरिश बंडखोरांनी बॉम्ब ठेवला. रात्री एक वाजता घरी चाललेल्या मॉरिस चाइल्ड्स नावाच्या केशकर्तनकाराला धुमसणारी सुटकेस दिसली, त्याने ती उचलून नदीत फेकली. १९९६ आणि २००० मध्येही बॉम्बचे प्रयत्न झाले. पण पूल खरा थकला तो वजनाने आणि गंजाने. १९९७ मध्ये मोठी दुरुस्ती निघाली तेव्हा खासगी मोटारी बंद केल्या, पण बस, सायकली आणि पादचारी चालू ठेवले. म्हणजे दुरुस्ती करतानाही कोणाला जाऊ द्यायचं याचा विचार तिथे पूर्वीपासून होता.

आणि तरी १३ ऑगस्ट २०२० ला पूल सगळ्यांनाच बंद झाला. चालणाऱ्यांनाही, सायकलींनाही, खालून जाणाऱ्या होड्यांनाही.

तोवर आम्ही पुण्यात, करोनामुळे घरात. लेकीचा व्हिडिओ कॉल आला, नात रडवेली. सप्टेंबरमध्ये शाळा उघडणार होती. खाली पटनीचा पूल, वर चिझिकचा पूल, बार्न्सच्या रेल्वे पुलाला लागून एक पायवाट, तिथे सायकल हातात धरून न्यायची. दहा मिनिटांचा रस्ता, आता सगळं धरून तासाच्या घरात. मी फोनवर तावातावाने बोललो, "मोटारी बंद ठीक, पण अकरा-बारा वर्षांच्या पोरीच्या सायकलने पूल पडतो का?"

पडू शकतो, हे मला नंतर कळलं, आणि इंजिनिअर असून आधी सुचलं नाही याची लाज वाटली. पुलाच्या दोन्ही टोकांना साखळदंड ज्या बैठकांवरून वळून जमिनीत जातात, त्या बैठका ओतीव लोखंडाच्या, म्हणजे बिडाच्या. बिडाचा तवा ज्यांच्या घरात आहे त्यांना वेगळं सांगायला नको. कितीही तापवा, वर कितीही वजन ठेवा, हूं की चूं करत नाही. पण हातातून फरशीवर पडला तर पोचा येत नाही, सरळ दोन तुकडे. बीड दाब सोसतं, ताण सोसत नाही आणि मोडण्याआधी इशाराही देत नाही. उन्हाने साखळ्या लांबल्या-आखडल्या की त्यांनी बैठकीवर थोडं सरकायचं, यासाठी बेअरिंग होती. ती गंजून जाम झाली होती. मग साखळीचा सगळा ताण बैठकीवर. ऑगस्टमध्ये उन्हाची लाट आली, तडे वाढले. तेव्हा प्रश्न सायकलीच्या वजनाचा नव्हताच, उन्हाचा होता. बंद करणाऱ्यांचं चुकलं नव्हतं.

माझ्या मते चुकलं ते पुढे. पर्यायी काही तयार नव्हतं. होडीची फेरी सुरू करायची बोलणी झाली, ती सुरू होण्याआधीच पूल उघडला. पूल कोणी दुरुस्त करायचा, पैसे कोणी द्यायचे, यावर स्थानिक कौन्सिल, लंडनची वाहतूक यंत्रणा आणि सरकार यांची ओढाताण चालली होती. २०२१ ची नौकांची शर्यतसुद्धा करोना आणि हा पूल यांमुळे थेम्स सोडून ईलीला ग्रेट ऊझ नदीवर झाली. साखळ्यांचं तापमान आटोक्यात ठेवण्याची यंत्रणा बसवली, तपासण्या झाल्या, आणि १७ जुलै २०२१ ला पादचारी आणि सायकलींसाठी पूल पुन्हा उघडला. अकरा महिने गेले. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात तर बैठकांना चंदेरी वेष्टण गुंडाळलं होतं. नातीने फोटो पाठवला, "आजोबा, ब्रिजचा टिफिन."

आता आपली मोरी.

२०२३ च्या मे महिन्यात मागच्या फाटकाजवळ नाल्यावरच्या मोरीचा स्लॅब खालून सुटला, सळया दिसायला लागल्या. दुरुस्ती समितीचा प्रमुख मीच. अर्धा स्लॅब लगेच करायचा, उरलेला पैसे जमल्यावर, असं ठरलं. मी फाटकाला कुलूप घातलं आणि स्वतःच्या अक्षरात पाटी लावली, 'काम चालू, रस्ता बंद'. गाडीवाले पुढच्या फाटकाने गेले, त्यांना दोन मिनिटं जास्त. काम सात आठवडे चाललं. सर्वसाधारण सभेत अभिनंदनाचा ठरावसुद्धा झाला.

त्या सात आठवड्यांत मागच्या वस्तीतून सायकलवर येणाऱ्या चार-पाच मावशी, दूधवाला आणि पेपर टाकणारा मुलगा मुख्य रस्त्याने, उलट्या बाजूने, बस आणि डंपरच्या शेजारून येत होते. आमच्याकडच्या मावशी एकदा कोपर खरचटून आल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही काका, घसरले." हिने मला रात्री सांगितलं, त्या घसरल्या नव्हत्या, एका रिक्षाने दाबलं होतं. मी गप्प बसलो. तीन वर्षांपूर्वी फोनवर तावातावाने बोलणारा तो मीच!

आपल्याकडे तर बिडाची भीती नव्हती. अर्धी मोरी शाबूत होती. कडेने एक वाट सहज ठेवता आली असती. सुचलं नाही, कारण माझ्या डोळ्यासमोर मोरी म्हणजे गाडीचा रस्ता.

यंदा उन्हाळ्यात पुन्हा लंडनला गेलो. पुलाच्या बैठका मजबूत केल्या आहेत, जाम झालेल्या बेअरिंगच्या जागी रबरी बेअरिंग बसवली आहेत. ते काम चालू असताना मधला रस्ता बंद होता, पण पदपथ चालू ठेवला होता. सायकल हातात धरून जायचं, इतकंच. एप्रिल २०२५ पासून मधला रस्ताही सायकलींना खुला झाला आहे. मोटारी अजून बंद. संपूर्ण दुरुस्तीला सुमारे पंचवीस कोटी पौंड लागतील म्हणतात आणि ते कोण देणार हे ठरलेलं नाही. शेजारच्या आजी आता नाहीत. त्यांची बस काही परत आली नाही.

पुलावर उभं राहून नातीला मी १८८४ च्या तात्पुरत्या पुलाची गोष्ट सांगितली. ती आता सतरा वर्षांची. म्हणाली, "म्हणजे तेव्हा जमलं होतं?" मग मोरीचीही सांगितली. त्यावर काही बोलली नाही, सायकल काढून पुढे गेली.

मोरीच्या उरलेल्या अर्ध्या भागाचं काम येत्या जानेवारीत आहे. अंदाजपत्रकात मी लोखंडी जाळीच्या तात्पुरत्या वाटेचा खर्च घातला आहे. समितीत एकाने विचारलंच, "सहा आठवड्यांसाठी एवढा खर्च?" मी रुंदी अडीच फूट धरली होती. परवा मावशींना फाटकापाशी नेऊन टेप लावून दाखवली. त्यांनी सायकल आडवी धरून बघितली आणि म्हणाल्या, "हँडल बसतंय काका, पण दोन्हीकडच्या पिशव्या नाही बसायच्या."

तीन फूट केली आहे.