आकाशांतून सूक्ष्माचा शोध

बुलढाणा तालुक्यांतील धाड आणि त्याच जिल्ह्यांतील लोणार हीं दोन्ही गांवें दख्खनच्या एकाच काळ्या पाषाणावर वसलेलीं आहेत. लोणारचें सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें विवर कोणाच्याहि नजरेंतून सुटणारें नाहीं. १८२३ सालीं अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानें त्याची नोंद केली. तरीहि तें ज्वालामुखीचें कीं उल्केचें, याचा निर्णय होण्यास दीडशें वर्षें लागलीं. १९७३ सालीं फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम् यांनीं तेथील पाषाणांत मॅस्केलिनाइट ही प्रचंड आघातानें बनणारी कांच दाखविली, आणि उल्केचा पक्ष सिद्ध झाला. विवर सर्वांस दिसत होतें. त्याचें कारण मात्र एका सूक्ष्म कणानें सांगितलें.

असा लहानसा साक्षीदार आकाशांतून हुडकतां येईल काय? या प्रश्नाचा इतिहास १८५९-६० पासून सुरू होतो. त्या वेळीं हायडेलबर्ग येथें किर्कहॉफ व बुन्सेन यांनीं प्रत्येक मूलद्रव्य त्याच्या वर्णपटांतील विशिष्ट रेषांवरून ओळखतां येतें, हें दाखवून दिलें. ही विद्या विमानांत चढण्यास मात्र सव्वाशें वर्षें जावीं लागलीं. १९८७ पासून उडूं लागलेलें अमेरिकेंतील ‘एव्हिरिस’ हें यंत्र वीस किलोमीटर उंचीवरून वीस मीटर बाजूच्या प्रत्येक चौकोनाचा प्रकाश २२४ भागांत विभागून मोजी.

अशा चौकोनाचें क्षेत्र ४०० चौरस मीटर होतें. त्यांत चार चौरस मीटरांची वस्तु असली तर तिचा वांटा अवघा शंभरावा. चित्रांत ती दिसणार नाहीं. परंतु तिचा वर्णपट भोंवतालच्या माती-गवताहून निराळा असेल, तर पार्श्वभूमीचा हिशेब वजा करून तिचा अंश निवडून काढतां येतो. पाण्यांत विरघळलेला मिठाचा खडा डोळ्यांस दिसत नाहीं, जिभेस कळतो, तसेंच हें आहे. २००१ च्या सप्टेंबरांत न्यूयॉर्कच्या कोसळलेल्या मनोऱ्यांवर हेंच यंत्र कमी उंचीवरून नेण्यांत आलें, तेव्हां ढिगाऱ्यांत धुमसणाऱ्या तप्त जागा १६ तारखेच्या मोजणींत उमटल्या. २३ तारखेस त्यांतील बहुतेक शमलेल्या दिसल्या.

मात्र येथें गणिताचा एक इशारा ध्यानांत ठेवला पाहिजे. दहा लाख चौकोनांत दर हजारीं एकच चूक झाली असें धरलें, तरी हजार खोट्या खुणा उमटतात. खरी वस्तु कदाचित् पांचच ठिकाणीं असते. संकटसमयीं खोट्या खुणेमागें धांवणारें पथक खऱ्या जागीं उशिरा पोहोंचतें, आणि त्या विलंबाची किंमत प्राणांनीं मोजावी लागते. म्हणूनच इस्रो व नासा यांनीं २०१५-१६ सालीं या यंत्राच्या नव्या आवृत्तीनें भारतावर उड्डाणें केलीं, तेव्हां जमिनीवरील मोजमापांचीहि जोड घेण्यांत आली.

विमानाची ही दृष्टि पायपीट कमी करील, हें आम्ही आनंदानें मान्य करतों. उद्यां धाडच्या काळ्या रानावरून असें विमान गेलें, तर कोणता दगड आधीं पाहावा हें तें सुचवील. तो दगड फोडून साक्ष पडताळण्याचें काम मात्र खालीं उभ्या असलेल्या माणसाकडेच राहील.