संकेतार्थ (मराठी व स्पॅनिश)

क्रियापदाच्या ज्या रूपाने एक क्रिया दुसरीच्या शर्तीवर अवलंबून असल्याचा, आणि बहुधा ती शर्त पुरी न झाल्याचा, बोध होतो, त्याचा अर्थ. मराठी व्याकरणात स्वार्थ, आज्ञार्थ व विध्यर्थ यांच्या पंक्तीस तो बसतो. परतूर तालुक्यातील (जि. जालना) वाटूरच्या शिवारात पेरणीपूर्वी म्हटलेले ‘पाऊस पडला तर तूर येईल’ हे वाक्य केवळ संभाव्य शर्त सांगते, परंतु हंगाम हातचा गेल्यावर निघणाऱ्या ‘पाऊस पडला असता, तर तूर आली असती, पीक हाती लागले असते’ या उद्गारात शर्त आणि फल या दोन्ही अंगांत संकेतार्थच येतो व कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे पालटतो.

स्पॅनिशची व्यवस्था निराळी व, सूक्ष्मतेने पाहता, मोठी मनोहर आहे. तेथे ‘आब्लार’ (बोलणे) या मूळ रूपालाच प्रत्यय जोडून ‘आब्लारीआ’ सिद्ध होते. हा प्रत्यय ‘आबेर’ या साहाय्यक क्रियापदाच्या भूतकालीन रूपाचा अवशेष होय. ‘तेनेर’चे ‘तेन्द्रीआ’, ‘पोदेर’चे ‘पोद्रीआ’ असे मोजके अपवाद आहेत. लिंगभेद नाही. मात्र प्रमाण भाषेत हे रूप शर्तीच्या अंगात वर्ज्य असून तेथे वेगळा अर्थ योजतात : ‘सी योविएरा, आब्रीआ कोसेचा’, म्हणजे ‘पाऊस पडता, तर पीक येते’. दोन्ही अंगांत एकच रूप योजण्याची सवय असलेला मराठी विद्यार्थी नेमका येथेच अडखळतो. नम्र विनंतीसाठीही स्पॅनिश हेच रूप वापरते; मराठीत तेथे ‘द्याल का?’ असा भविष्यकाळ पुरतो.