स्कायलॅबमधलं वेळापत्रक

१९७९ सालचा जुलै आठवतो का हो? 'स्कायलॅब पडणार' म्हणून घरोघरी धास्ती होती. वर्गात मुलं विचारायची, "बाई, आपल्या शाळेवर पडेल का?" शेवटी तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले आणि आपण सुटलो!

त्याच स्कायलॅबमध्ये आधी माणसं राहून गेली होती, हे मी निवृत्तीनंतर निवांत वाचलं. शेवटची तुकडी तर ८४ दिवस राहिली. १६ नोव्हेंबर १९७३ला जेरल्ड कार, एडवर्ड गिब्सन आणि विल्यम पोग निघाले. तिघांचीही पहिलीच अंतराळवारी. पोग यांना उलटी झाली. उगाच गवगवा नको म्हणून तिघांनी ती लपवायचं ठरवलं, पण ते बोलणंच टेपवर रेकॉर्ड झालं! खालून कानउघाडणी झाली. अगदी शाळकरी पोरांसारखंच.

खरी अडचण वेगळीच होती. आधीच्या तुकडीने कामं भराभर उरकली होती. तोच वेग धरून यांचं वेळापत्रक आखलं गेलं. पण तिथे वस्तू हातातून सुटली की तरंगत जाते. एक काम आवरून दुसरं मांडण्यातच वेळ जायचा. मग जेवण, विश्रांती यांतून मिनिटं कापायची. चुका होऊ लागल्या, चिडचिड वाढली.

३० डिसेंबरला दोन्ही बाजू मोकळेपणाने बोलल्या. जेवताना आणि रात्री काम सांगायचं नाही, किरकोळ कामं सवडीने करायची, असं ठरलं. पुढे लोकांनी याला 'अंतराळातला संप' म्हटलं, पण संप वगैरे काही झाला नव्हता. उलट नंतर कामं छान झाली. २१ जानेवारीला गिब्सन यांनी सूर्यावरच्या ज्वालेचा आरंभच टिपला.

मी पर्यवेक्षिका असताना शाळेचं वेळापत्रक करायचे. कोणी रजेवर गेलं की दुसऱ्याचा मोकळा तास काढून घ्यायचे. एकदा एक नवी शिक्षिका म्हणाली, "बाई, डबा उघडायलाही वेळ मिळत नाही हो." मी फटकन म्हटलं, "आमच्या वेळी आम्ही नाही का केलं?"

म्हणजे आधीच्या तुकडीचाच दाखला मीही दिला होता. तिचा उतरलेला चेहरा आज आठवतो. त्या दिवशी तिला बसवून घेऊन दोन मिनिटं ऐकायला हवं होतं.