अमोनियाचा नवा प्लांट सुरू करताय? आधी नायट्रोजन, मग पाणी, गॅस सगळ्यात शेवटी

नांदेड/लातूर : अर्धापूरकडच्या केळी पिकवायच्या छोट्या खोल्या बहुतेक फ्रीऑनवर चालतात. बर्फाचा कारखाना, दूध शीतकरण केंद्र, मोठं कोल्ड स्टोरेज म्हटलं की अमोनिया येतो. गॅस स्वस्त आणि थंडावा चांगला. पण फुटला तर डोळे, घसा, फुप्फुसं जाळतो. म्हणून पहिल्यांदा सुरू करतानाची घाई महागात पडते.

पाइप जोडून झाले की लगेच गॅस भरायचा नसतो. आधी कोरड्या नायट्रोजनने, डिझाइनमध्ये दिलेल्या दाबापर्यंत टप्प्याटप्प्याने चाचणी घ्यायची. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. दाब किमान 24 तास ठेवायचा. मात्र आपल्याकडं उन्हाळ्यात दुपारी 42 आणि पहाटे 24 अंश असतात. एवढ्या फरकानं गळती नसतानाही दाब पाच-सहा टक्के उतरतो. म्हणून दाबासोबत तापमानही लिहून ठेवावं, नाहीतर फिटर आणि मालकात उगाच वाद होतो. वेल्डिंगचं ऑक्सिजन सिलिंडर या कामाला चुकूनही लावू नये. तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो.

नंतर व्हॅक्यूम काढायचा, म्हणजे आतली हवा अन् ओल निघते. तांब्या-पितळेचा एकही व्हॉल्व्ह किंवा गेज बसवलेला नसावा, अमोनिया तो खाऊन टाकतो.

आता पाण्याचं. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे कुणी विसरलेलं नाही. कंडेन्सर पाण्यावर थंड होतो. आत गॅस 40 अंशाला असताना दाब साडेचौदा बारच्या आसपास असतो. पाणी थांबलं की तो चढतच जातो. बोअर आटला, वीज गेली, पंप जळला, तर कॉम्प्रेसर आपोआप बंद पडतो का, हे गॅस भरण्याआधी आणि भरल्यावर पंप मुद्दाम बंद करून बघावं. ‘कटआऊट बसवलाय’ एवढ्या शब्दावर विसंबू नये. सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड छताच्या वर, माणसांपासून लांब काढावं. किल्लारीचा 1993 चा भूकंप पाहिलेल्या भागात पाइपांचे आधार अन् मशीनचा पायाही इंजिनिअरकडून तपासून घ्यावा.

गॅस थोडा थोडाच भरायचा, जोडांवर ओला लाल लिटमस फिरवायचा. निळा झाला की गळती. मास्क घातलेले दोन माणसं, पाण्याची धार, छतावर वाऱ्याची दिशा दाखवणारं कापड, एवढं तयार नसेल तर त्या दिवशी काम होणार नाही. गोळा होऊन बघणाऱ्यांना गेटबाहेरच थांबवावं. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या नियमांची पूर्तता आधीच झालेली हवी.

गळती झालीच तर वाऱ्याला आडवं पळायचं, मग वारा येतो त्या बाजूला. जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियावर पाणी ओतू नये, वाफ जास्त उठते. डोळ्यांत गेला तर किमान 15 मिनिटं पाण्यानं धुवायचं. 101 आणि 108 ला फोन एकाने तेवढ्यात लावायचा.